राबाची राख आणि भाताचा दाणा

चैत्र-वैशाखांत मुंबईहून नाशिककडे येणारी आगगाडी थळ घाट चढून इगतपुरीस आली म्हणजे दोन्ही बाजूंच्या डोंगरपायथ्याशीं निळसर धुराच्या रेषा उठलेल्या दिसतात. शहरांतल्या प्रवाशास वाटतें, कोठें तरी वणवा लागला असावा. परंतु वणवा असा चौकोनी नसतो. शेताच्या एका कोंपऱ्यांत, नेमक्या मापाच्या तुकड्यावर सावकाश जळत जाणारा तो विस्तव शेतकऱ्यानें स्वतः लाविलेला असतो, आणि मृगाचा पाऊस पडला कीं त्याच काळ्या चौकोनांत भाताचें बीं पडतें. ह्यालाच राब म्हणतात. नाशिक-मुंबईच्या घरांतून शिजणारा घाटमाथ्यावरचा पुष्कळसा तांदूळ पिढ्यान् पिढ्या ह्या धुरांतूनच जन्मास आला. ह्या धुराविषयीं सरकार, रयत व रसायनशास्त्रज्ञ ह्यांच्यामध्यें दीर्घकाळ जो वाद चालला तो नुसता शेतीचा नव्हता. जंगल कोणाचें, शेण कोणत्या कामीं लावावें, आणि अधिक पिकलेला दाणा तितकाच पोषकहि असतो काय, असे तीन प्रश्न त्यांत गुंतलेले होते. त्यांपैकीं पहिले दोन मोठ्या आवाजांत विचारले गेले. तिसरा विचारण्यास फार उशीर झाला.

नाशिक जिल्हा म्हटला कीं द्राक्षें, कांदा व गोदावरीचा कांठ डोळ्यांपुढें येतो. पण जिल्ह्याचा पश्चिम पट्टा, म्हणजे इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ व सुरगाणा हे तालुके, हवेनें व चालीरीतींनीं कोंकणाशींच नातें सांगतो. इगतपुरीस वर्षाकाठीं सुमारें ३,००० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो. तेथून अवघ्या ४५ किलोमीटरांवरील नाशिक शहरांत तो ७०० च्या आसपास येऊन ठेपतो. इतक्या पाण्याखालीं काळ्या दगडापासून झालेल्या जमिनींतील चुन्यासारखीं द्रव्यें धुपून जातात, आणि उतारावर मागें उरते ती तांबूस, उथळ, थोडीशी आम्ल माती. महादेव कोळी, ठाकूर, कोकणा, वारली अशा डोंगरकऱ्यांनीं ह्या मातीवर खालीं खाचरांत भात व वर उतारावर नागली आणि वरई पिकविली, आणि तिन्ही पिकांचीं रोपें आधीं राबावर वाढवून मग लावण्याची चाल पाडली. १८८३ सालीं प्रसिद्ध झालेल्या नाशिकच्या गॅझेटियरांतहि ह्या राखेवरच्या शेतीची दखल घेतलेली आहे.

राब रचणें हें वरवर दिसतें तितकें ओबडधोबड काम नव्हे. हिवाळ्यांत ऐनासारख्या झाडांच्या फांद्या छाटून वाळत ठेवावयाच्या. गुरांचें शेण सांठवून वाळवावयाचें. उन्हाळा तापला म्हणजे पातेरा व गवत गोळा करावयाचें. मग निवडलेल्या तुकड्यावर तळाशीं शेण, त्यावर फांद्या, त्यावर पाला, त्यावर गवत, असे थर देऊन सर्वांवर बारीक मातीचें पातळ पांघरूण घालावयाचें. हें पांघरूण नसेल तर सगळें भडकन् पेटून क्षणांत संपेल, आणि राखहि वाऱ्यावर उडेल. मातीखालीं विस्तव गुदमरत, हळूहळू सरकतो व खालची जमीन भाजून निघते. ह्या वाफ्यास घाटमाथ्यावर दाढ असेंहि म्हणतात, आणि बोलण्यांत राब जाळणें असें न म्हणतां राब भाजणें असें म्हणतात. ह्या एका क्रियापदांत जें ज्ञान सांठलेलें होतें तें प्रयोगशाळेंत सिद्ध होण्यास बराच काळ जावा लागला.

एका हेक्टराच्या लावणीस सुमारें १० गुंठ्यांची रोपवाटिका लागते, म्हणजे भाजावयाची जमीन दहाव्या हिश्श्याएवढीच. परंतु तेवढ्या जमिनीवर पसरावयाचा पाला मात्र कित्येक पटींनीं अधिक विस्ताराच्या रानांतून आणावा लागे. वादाचें मूळ येथें होतें. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर राखीव रानांच्या हद्दी आंखल्या गेल्या, आणि ज्या फांद्या वाडवडिलांपासून विनाविचार तोडल्या जात त्या तोडणें हा आतां गुन्हा ठरूं लागला. घाटाखालील ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत असंतोष इतका वाढला कीं, १८८५ सालीं मुंबई सरकारास त्याची चौकशी करण्यासाठीं एक समिति नेमावी लागली. तिचा अहवाल १८८७ सालीं बाहेर आला. समितीपुढें राबाचा प्रश्न वारंवार येणें अपरिहार्यच होतें. रयतेचें म्हणणें सरळ होतें: पाला नाहीं तर राब नाहीं, राब नाहीं तर रोप नाहीं, आणि रोप नाहीं तर सारा कोठून भरावयाचा? जंगल खात्याचें म्हणणेंहि पोकळ नव्हतें. दरवर्षीं शेंड्यापर्यंत छाटलेलीं ऐनाचीं झाडें ज्यानें पाहिलीं असतील त्यास खुंटासारख्या उभ्या असलेल्या त्या रानाची दया आल्याखेरीज राहणार नाहीं. परंतु ह्या वादांत एक गृहीत गोष्ट अशी होती कीं, राब ही अडाणी शेतकऱ्याची खोड आहे, गरज नव्हे. तें गृहीत तपासून पाहण्याची आवश्यकता होती.

तें तपासण्याचें पहिलें श्रेय मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याचे प्रमुख ओझॅन ह्यांजकडे जातें. त्यांनीं लोणावळ्यास राबाचे प्रयोग करविले. कांहीं वाफे भाजले, कांहींना न जाळतां खत दिलें, कांहीं तसेच ठेविले, आणि रोपांचा व पुढील पिकाचा जोम पडताळून पाहिला. भाजलेल्या वाफ्यांतील रोपें सरस ठरलीं. पुढें १८८९ च्या अखेरीस विलायतेहून आलेले कृषिरसायनशास्त्रज्ञ डॉ. व्होल्कर ह्यांनीं हिंदुस्थानभर फिरून १८९३ सालीं जो विख्यात अहवाल प्रसिद्ध केला, त्यांत ह्या प्रयोगांचा परामर्श घेतलेला आहे. व्होल्कर हे इंग्लंडच्या राजकीय कृषिसंस्थेचे सल्लागार. हिंदी शेतकरी सर्वस्वी मागासलेला आहे ही त्या काळची सरकारी समजूत त्यांनीं मान्य केली नाहीं. उत्तम हिंदी रयत सामान्य इंग्रज शेतकऱ्याच्या तोडीची, क्वचित् त्याहून सरसहि आहे, असा निर्वाळा त्यांनीं दिला. राबासारख्या चालीकडे पाहण्याची दृष्टि ह्या निर्वाळ्यानें थोडी तरी बदलली असावी.

तथापि राब चांगला, एवढें कळलें. तो चांगला कां, हें कळलें नव्हतें. राखेमुळें, कीं उष्णतेमुळें, कीं तण जळून गेल्यामुळें? ह्या प्रश्नाचा छडा लावण्याचें काम पुण्याच्या शेतकी कॉलेजांत झालें. तेथील प्रिन्सिपॉल डॉ. हॅरल्ड मॅन ह्यांनीं जोशी व कानिटकर ह्या दोन सहकाऱ्यांसह पश्चिम हिंदुस्थानांतील राबपद्धतीवर एक प्रबंध लिहिला, आणि तो १९१२ सालीं हिंदुस्थान सरकारच्या शेतकी खात्याच्या रसायनविषयक ग्रंथमालेंत प्रसिद्ध झाला. राबाचे घटक अलग अलग करून पाहणें हा त्यांचा मार्ग होता: कोठें नुसती राख, कोठें नुसती आंच. केवळ राख टाकून राबाचा सगळा गुण येत नाहीं, मातीला बसलेल्या आंचेचाहि त्यांत मोठा वाटा असतो, असें दिसून आलें. भाजल्यानें माती भुसभुशीत होते, तणांचें बीं मरतें, आणि मातींत बद्ध होऊन पडलेलें अन्न मोकळें होऊन कोंवळ्या मुळांच्या हातीं येतें. ह्याच सुमारास, १९०९ सालीं, इंग्लंडांत रोथॅमस्टेड येथें रसेल व हचिन्सन ह्यांनीं माती तापविल्यानें तींतील जंतुसृष्टि पालटते व अमोनिया वाढतो असें दाखविलें होतें. विलायतेंतील कांचपात्रांत व इगतपुरीच्या दाढींत एकच घडामोड चालली होती. फरक इतकाच कीं इगतपुरीच्या शेतकऱ्यास ती मुखोद्गत होती आणि तिचें नांव त्यास ठाऊक नव्हतें.

शेतकऱ्याची बाजू अशा रीतीनें खरी ठरली. परंतु हिशेब पुरा करावयाचा तर एक वजाबाकी मांडलीच पाहिजे. शेण, पाला, गवत जळतें तेव्हां त्यांतील पालाश, चुना व वालुकाम्ल हीं राखेंत राहतात. नत्र मात्र बव्हंशीं धुराबरोबर निघून जातें. म्हणजे दाढीपुरतें राबानें मातीचें भांडार उघडलें हें खरें; पण ज्या खाचरांत तें रोप पुढें तीन-चार महिने उभें राहावयाचें, त्या खाचराच्या वांट्याचें शेण त्या विस्तवांत गेलेलें असे. लोणावळ्याच्या व पुण्याच्या प्रयोगांत मोजलें गेलें तें मुख्यतः रोप व पीक. दाण्याच्या पोटांत काय उतरलें हा प्रश्न त्या काळीं कोणाच्या ध्यानींमनीं फारसा नव्हता, आणि तो नसणें स्वाभाविकहि होतें. दुष्काळाच्या छायेंत वावरणाऱ्या देशास आधीं पोतें भरणें महत्त्वाचें वाटतें.

दाण्याचा प्रश्न पुढें आला तो शेतकी खात्याकडून नव्हे, वैद्यकाकडून. कुन्नूर येथें रॉबर्ट मॅक्कॅरिसन ह्यांनीं १९२० नंतरच्या दशकांत हिंदुस्थानांतील निरनिराळ्या प्रांतांचे आहार उंदरांच्या टोळ्यांना चारून पाहिले. गहूं, दूध व भाज्या ह्यांवर पोसलेले उत्तरेकडील पद्धतीचे उंदीर धडधाकट झाले. पांढऱ्या तांदळावर मुख्यतः अवलंबून असलेले बंगाली व मद्रासी पद्धतीचे उंदीर खुरटले. मराठ्यांचा आहार ह्या दोहोंच्या मधल्या पायऱ्यांवर बसला. अर्थात् हा दोष एकट्या तांदळाचा नव्हता, कारण ताटांतले इतर पदार्थहि निराळे होते. परंतु ह्याच मॅक्कॅरिसन ह्यांनीं विश्वनाथ ह्या शेतकी रसायनशास्त्रज्ञांबरोबर १९२६ च्या सुमारास आणखी एक प्रश्न विचारला: एकच धान्य निरनिराळ्या खतांवर वाढविलें तर त्याच्या पोषणगुणांत फरक पडतो काय? त्यांनीं बाजरीच्या जातीच्या धान्यावर व गव्हावर प्रयोग करून फरक पडतो असें प्रतिपादन केलें, आणि शेणखताच्या बाजूनें कौल दिला. त्यांचे सर्वच निष्कर्ष पुढें टिकले असें नाहीं. तरी शेतांत टाकलेल्या पाटीभर खताचा व ताटांतल्या घासाचा संबंध असा उघड जोडणारा तो आपल्या देशांतील एक आद्य प्रयत्न होय.

भाताच्या बाबतींत हा संबंध नंतर पुष्कळ स्पष्ट झाला. दाण्यांतील प्रथिन म्हणजे नत्राचेंच एक रूप. तांदळांतील नत्रास ५.९५ नें गुणलें कीं प्रथिनाचा आंकडा येतो. साधारण पांढऱ्या तांदळांत शेंकडा ७ च्या आसपास प्रथिन असतें. म्हणजे १०० किलो तांदळांत सुमारें १.२ किलो नत्र शेतांतून घरीं येतें. हें नत्र खाचराच्या चिखलांतून यावयाचें, आणि चिखलाचा स्वभाव कोरड्या जमिनीहून अगदीं निराळा. पाण्याखालीं हवा नसते. तेथें नायट्रेटच्या रूपांतील नत्र फुटून वायुरूपानें उडून जातें, आणि अमोनियाच्या रूपांतलें तेवढें मातीस धरून राहतें. जपानांत शिओइरी ह्यांनीं ही गोष्ट दाखवून दिली व खत पृष्ठभागीं न पसरतां चिखलांत खोल मिसळावें असा उपाय सुचविला. उलट, खत न देतांहि भातशेतें वर्षानुवर्षें कांहीं तरी पिकत राहतात ह्याचें रहस्य पी. के. डे ह्यांनीं १९३९ सालीं उलगडलें: सांचलेल्या पाण्यावर वाढणारें निळें-हिरवें शेवाळ हवेंतील नत्र बांधून चिखलास देतें. इगतपुरीच्या खाचरांनीं पिढ्यान् पिढ्या पीक दिलें त्यांत ह्या उपेक्षित शेवाळाचाहि वांटा मानावयास हवा.

आतां उत्पन्न व प्रथिन ह्यांचा मेळ पाहावा. येथें घरांतील साध्या अनुभवाचा दाखला पुरे आहे. पातेल्यांत डाळ तेवढीच ठेवून पाणी वाढविलें तर वरण अधिक लोकांस पुरतें, पण पातळ होतें. मातींत नत्र बेताचेंच असतां दुसऱ्या कांहीं उपायानें पीक वाढलें, तर दाण्यांत पिष्ट वाढतें व प्रथिनाचें प्रमाण उतरतें. समजा, एका एकरांत ६०० किलो तांदूळ शेंकडा ८ प्रथिनाचा होत होता, आणि सुधारणेनें तो ९०० किलो झाला, पण प्रथिन ७ वर आलें. प्रत्येक घास थोडा हलका झाला. परंतु एकराचें एकूण प्रथिन ४८ किलोंवरून ६३ किलोंवर गेलें. ज्या घरास पोटभर मिळत नव्हतें त्यास हा व्यवहार नफ्याचा. ज्या घरांत तांदूळ विकतचा व पानावर भाजी-आमटी बेताची, त्याच्या लेखीं निराळा. दोन्ही साधावयाचीं तर नत्र वाढवावयास हवेंच, पण तें योग्य वेळीं. लावणीच्या वेळीं दिलेलें नत्र फुटवे व पानें वाढवितें. लोंबी धरण्याच्या सुमारापासून निसवण्यापर्यंत मिळालेलें नत्र अधिक प्रमाणांत दाण्यांत उतरतें. भातवनस्पति पानांत सांठविलेलें नत्रहि अखेरीस उचलून दाण्यास देते. पानें पिवळीं पडतात तीं उगीच नव्हेत.

ह्या ठिकाणीं राबाची राख पुन्हां गोष्टींत येते, आणि तीहि अनपेक्षित बाजूनें. नत्र भरपूर दिलेलें भात माजतें, मऊ पडतें. श्रावण-भाद्रपदांतील घाटमाथ्याच्या वाऱ्यापावसांत तें आडवें होतें, त्यावर करपा येतो, आणि दाणा भरण्याऐवजीं पोंचट राहतो. ह्याला आधार देणारें द्रव्य म्हणजे वालुकाम्ल. भात हें वाळू खाणारें पीक म्हणावयास हरकत नाहीं. इतर धान्यांपेक्षां तें वालुकाम्ल पुष्कळच अधिक शोषतें व पानांत आणि काडींत सांठवितें. त्यानें पान ताठ राहतें, ऊन नीट घेतें, काडी कठीण होते, रोगाचा व खोडकिडीचा शिरकाव अवघड होतो. राखेंत प्रथिन नाहीं व प्रथिन घडविणारें नत्रहि नाहीं. पण नत्र पेलण्याची ताकद रोपास येण्यास तिचें साहाय्य होतें.

डॉ. एन. के. सावंत ह्या मराठी मृदाशास्त्रज्ञांनीं अमेरिकेंतील खतसंशोधन संस्थेंत काम केल्यानंतर आपल्या भागांतील भातशेतकऱ्यांसाठीं जी चारसूत्री पद्धति मांडली, तींत ह्या सर्व धाग्यांची गांठ पडलेली दिसते. भातशेतींतील वालुकाम्लाच्या व्यवस्थेवर त्यांनीं दोन सहकाऱ्यांसह १९९७ सालीं लिहिलेला प्रबंध जगभरच्या अभ्यासकांस परिचित आहे. त्यांचें पहिलें सूत्र राखेचें आहे, परंतु ती राख झाडाची नव्हे. भाताच्या गिरणीबाहेर ढिगानें पडणाऱ्या तुसाची काळी राख रोपवाटिकेच्या दर चौरस मीटरास अर्धा ते एक किलो मिसळावी, आणि मुख्य शेतांत हेक्टरीं दोन टन पेंढा गाडावा. तुसाच्या राखेंत जवळजवळ नऊ-दशांश वालुकाम्लच असतें. दुसरें सूत्र गिरिपुष्पाच्या पाल्याचें: बांधावर लावलेल्या ह्या झाडाचा हिरवा पाला हेक्टरीं तीन टन चिखलणीपूर्वीं शेतांत कुजवावा. पाला तोच, पण भाजलेला नव्हे, कुजलेला; त्यांतील नत्र धुरांत न जातां खाचरांत राहतें. तिसरें सूत्र लावणीचें, १५ व २५ सेंटिमीटरांचीं अंतरें आळीपाळीनें ठेवण्याचें. चौथें, युरिया व डायअमोनियम फॉस्फेट ह्यांच्या दाबून केलेल्या २.७ ग्रॅमांच्या गोळ्यांचें. जवळजवळ आलेल्या दर चार चुडांच्या चौकोनांत एक गोळी, सात ते दहा सेंटिमीटर खोल. हेक्टरीं अशा ६२,५०० गोळ्या, म्हणजे सुमारें १६९ किलो खत. शिओइरींनीं सांगितलेलें तत्त्व तेंच. येथें तें बायकांच्या बोटांनीं चिखलांत दाबलें जातें.

ही पद्धति सुचविल्याबरोबर डोंगरपट्टींतील सर्व धूर थांबला, असें मात्र झालें नाहीं. साडेबासष्ट हजार गोळ्या वांकून पुरणें म्हणजे काय, हें जिची कंबर लावणीनें आधींच मोडलेली आहे तिला विचारावें. गोळ्या वेळेवर मिळाव्या लागतात. तुसाची राख पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांपर्यंत वाहून न्यावी लागते. आणि राब भाजल्यानें तण मरतें, ती सोय राखेच्या पोत्यांत येत नाहीं. म्हणून शेतकरी चार सूत्रांपैकीं दोन घेतो, एखादें सोडतो, थोडा राबहि भाजतो. दापोली व राहुरी येथील कृषि विद्यापीठें, कर्जतचें भातसंशोधन केंद्र व इगतपुरीचें केंद्र ह्यांनीं वाणांतहि पालट घडवून आणला. आंबेमोहोर १५७ व आय. आर. ८ ह्यांच्या संकरांतून वडगांव मावळ येथें निपजलेलें व १९८७ सालीं प्रसारित झालेलें इंद्रायणी भात आज इगतपुरी तालुक्यांत सर्वत्र दिसतें. तें आंबेमोहोरापेक्षां अधिक पिकतें, आणि अर्थात् मातीकडे अधिक मागतें.

इतका खटाटोप करून दाण्यांत उतरलेल्या प्रथिनाचा शेवटचा मुक्काम घोटीस असतो. इगतपुरी तालुक्यांतील ह्या बाजारगांवीं भाताच्या गिरण्या आहेत. दिवाळीनंतर बैलगाड्यांच्या ऐवजीं आतां टेम्पो रांगेनें उभे राहतात. भात एका अंगानें आंत जातें आणि तिसऱ्या-चौथ्या फिरवणीनंतर तांदूळ शुभ्र होऊन बाहेर पडतो. बाजूच्या नळींतून पिवळसर कोंडा निराळ्या पोत्यांत भरत असतो. त्यांत शेंकडा १२ ते १४ प्रथिन असतें, आतल्या पांढऱ्या दाण्याच्या जवळजवळ दुप्पट, कारण दाण्याच्या बाहेरच्या थरांतच तें दाट असतें. पांढऱ्या तांदळाचीं पोतीं नाशिक व मुंबईच्या दुकानांकडे निघतात. कोंड्याचीं पोतीं गुरांच्या खाद्यासाठीं व तेलाच्या कारखान्यांकडे रवाना होतात. आणि तूस गिरणीच्या मागें ढिगानें पडून राहतें, पुढच्या वैशाखांत कोणी त्याची राख मागावयास येईपर्यंत.